विडी वसाहतीवरचे नाव

सोलापुरातून अक्कलकोट रस्त्याने बाहेर पडले की थोड्याच अंतरावर कुंभारी लागते. एकेकाळच्या या माळरानावर आज घरांच्या रांगाच रांगा आहेत. एका साच्यातून काढल्यासारखी, लहान, पण पक्क्या भिंतींची घरे. दुपारच्या वेळी उंबऱ्याशी, ओसरीवर, भिंतीच्या सावलीत बायका बसलेल्या दिसतात. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पाने, तंबाखूचा ढीग आणि दोऱ्याचे रीळ. गप्पा तेलुगूत चाललेल्या असतात, मध्येच मराठीत येतात. बोटे मात्र थांबत नाहीत. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय हजारी मजुरी हातात पडत नाही आणि कारखान्यात तपासणीच्या वेळी 'छाट' म्हणून किती बाजूला काढल्या जातील याची धास्ती असते ती वेगळीच.

या बायकांच्या नावावर इथली दहा हजार घरे झाली. २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग या घरांच्या समारंभासाठी सोलापुरात आले होते. १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा विधानसभेवर निवडून गेलेले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरकरांचे आडम मास्तर, यांनी आणि त्यांच्या कामगार संघटनेने या घरांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, सरकारदरबारी खेटे घातले. पुढे याच परिसरात असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा दुसरा प्रकल्प उभा राहिला. त्यातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना मिळाली.

हे सगळे सोलापूरकरांना ठाऊक आहे. पण पहिल्या दहा हजार घरांच्या वसाहतीला नाव आहे ते गोदूताई परुळेकरांचे. रेशनकार्डावर, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर, पत्राच्या पाकिटावर ते नाव रोज लिहिले जाते. पत्ता म्हणून ते पाठ झाले आहे. मात्र या बाई कोण, त्या सोलापूरच्या की बाहेरच्या, त्यांनी असे काय केले, हे विचारले तर नव्या पिढीतल्या अनेकांना सांगता येणार नाही. ती गोष्ट सांगायची तर एका माणसाचा तुरुंगातला मृत्यूही सांगावा लागतो. तो मृत्यू स्वतंत्र भारतातला आहे आणि त्या माणसावर मरेपर्यंत कोणताही खटला चालवला गेला नव्हता.

गोखल्यांची मुलगी

गोदावरी गोखले यांचा जन्म पुण्यातला, १९०७ सालचा. घर वकिलाचे, सुस्थितीतले, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नात्यातले. ज्या काळात मुलीने मॅट्रिक होणे हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात ही मुलगी फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन पुढे कायद्याचीही पदवीधर झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वकिलीचा काळा कोट त्यांची वाट पाहत होता. त्यांनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेल्या. घरच्यांना हे रुचले नाही. मग घर सोडून त्यांनी मुंबई गाठली.

मुंबईत त्या गोखल्यांनीच स्थापन केलेल्या 'भारत सेवक समाजा'त दाखल झाल्या. संस्थेच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. साक्षरतेचे वर्ग, घरोघरी भांडी घासणाऱ्या मोलकरणींची संघटना अशी कामे त्यांनी तिथे सुरू केली. तिथेच त्यांची गाठ शामराव परुळेकरांशी पडली.

शामराव त्याआधीच राजकारणात पाय रोवून होते. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेवर निवडून आले. सभागृहात बसायचे ते विरोधी बाकावर. १० जानेवारी १९३८ रोजी खोती पद्धतीविरुद्ध कोकणातल्या कुळांचा जो प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला, त्यात बाबासाहेबांबरोबर शामराव होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यातही ते होते. विधानसभेत बोलायचे आणि बाहेर लोकांमध्ये उभे राहायचे, ही त्यांची रीत तेव्हापासूनची.

मे १९३९ मध्ये दोघांनी लग्न केले आणि दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले. लगेच महायुद्ध सुरू झाले. युद्धविरोधी प्रचाराबद्दल १९४० ते १९४२ ही गोदूताईंच्या संसाराची सुरुवातीची वर्षे तुरुंगात गेली.

वारल्यांच्या पाड्यांवर

ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू, उंबरगाव भागातल्या वारल्यांची त्या वेळची स्थिती आज वाचताना खरी वाटत नाही. जमीनदार आणि जंगल ठेकेदारांकडे फुकट राबायचे, त्याला वेठ म्हणत. लग्नासाठी सावकाराकडून शे-दोनशे रुपये घेतले की त्या नवरा-बायकोने आयुष्यभर त्याच्या दारी राबायचे. अशा माणसाला 'लग्नगडी' असे नाव होते. लग्न लागले म्हणून गुलाम झालेला माणूस, असा त्याचा साधा अर्थ.

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे मोजकेच वारली आले होते. त्यांत माह्या धांगडा होता. परत जाऊन त्याने पाड्यापाड्यांवर निरोप पोचवला आणि २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावात वारल्यांची सभा भरली. वेठ करायची नाही, मजुरी रोख घ्यायची, कुणी मारले तर मुकाट सोसायचे नाही, असे तिथे ठरले. पाहता पाहता लग्नगड्यांची सुटका झाली. शतकानुशतके चाललेली वेठ काही महिन्यांत मोडली.

मालक मंडळी आणि सरकार स्वस्थ बसणार नव्हते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला हजारो वारली जमले. गोदूताईंची तिथे सभा आहे, अशी बातमी मुद्दाम पसरवून त्यांना बोलावण्यात आले होते. गोदूताई तिथे नव्हत्या. जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण ठार झाले. पुढच्याच वर्षी प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले. वारल्यांनी गवत कापणीच्या आणि जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप केला, तेव्हा या सरकारनेही परुळेकरांसह पुढाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले. राज्यकर्ते बदलले, पण हद्दपारीच्या हुकमाचा मजकूर फारसा बदलला नाही.

सोलापूरकराला हा अनुभव परका नाही. मे १९३० मध्ये या शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला. तिरंगा फडकवणे हा गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. हुकूमशाही कशी असते, हे समजून घेण्यासाठी सोलापूरला परदेशाचा इतिहास वाचावा लागत नाही. ती परकी सत्ता होती, एवढाच आपल्या मनाला दिलासा असतो. पुढची गोष्ट मात्र आपल्याच राज्यातली आहे.

विसरलेली आणीबाणी

आणीबाणी म्हटले की आपल्याला १९७५ आठवते. त्याआधीही एक आणीबाणी होऊन गेली, हे फारसे कुणाच्या लक्षात नाही. चीनच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर १९६२ रोजी ती पुकारली गेली. युद्ध महिनाभरात संपले. आणीबाणी उठली ती १० जानेवारी १९६८ रोजी. म्हणजे ती पाच वर्षांहून अधिक काळ चालली. १९७५ ची आणीबाणी एकवीस महिन्यांची होती.

या काळात 'भारत संरक्षण नियम' लागू होते. एखादा माणूस देशाच्या संरक्षणाला अपाय करील असे सरकारला वाटले की त्याला स्थानबद्ध करता येई. साध्या प्रतिबंधक कायद्यात निदान अटकेची कारणे लेखी कळवावी लागत, सल्लागार मंडळापुढे जाता येई. या नियमांखाली कारणे कळवण्याचे बंधन नव्हते. मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा मार्गही राष्ट्रपतींच्या आदेशाने बराचसा बंद झाला होता. जो आरोप सांगितलाच जात नाही, त्याला उत्तर तरी काय देणार?

धरपकडीत प्रामुख्याने कम्युनिस्ट सापडले. त्या वेळचे वातावरणही समजून घेतले पाहिजे. हिमालयात भारतीय जवान पडले होते, घरोघर संताप होता आणि चीनबद्दलच्या भूमिकेवरून कम्युनिस्ट पक्षातच फूट पडत होती. पक्षातल्या डाव्या गटाकडे लोक संशयाने पाहत होते. १९६४ मध्ये पक्ष दुभंगला, परुळेकर पती-पत्नी मार्क्सवादी पक्षात गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस गृहमंत्री गुलझारीलाल नंदा यांच्या कारकिर्दीत देशभर या नव्या पक्षाचे पुढारी पकडले गेले. मार्च १९६५ मध्ये केरळात निवडणूक झाली. तिथे हाच पक्ष ४० जागा मिळवून सर्वांत मोठा ठरला. त्याचे निवडून आलेले कितीतरी उमेदवार त्या वेळी तुरुंगात होते. मतदारांनी निवडून दिलेली ती विधानसभा एकदाही न भरता विसर्जित झाली.

शामराव परुळेकर हे काही अज्ञात, भूमिगत गृहस्थ नव्हते. १९५७ मध्ये ठाण्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठवले होते. पाच वर्षे ते संसदेत बसले, बोलले, मतदान केले. त्यांची भाषणे संसदेच्या कामकाजात छापलेली आहेत. त्यांचे म्हणणे काय, हे जाणून घ्यायला कुणाला गुप्तहेर लागले नसते. तरीही या माजी खासदाराला स्थानबद्ध करण्यात आले आणि ३ ऑगस्ट १९६५ रोजी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता, शिक्षा नव्हती. शिक्षा झालेल्या कैद्याला निदान सुटकेची तारीख ठाऊक असते. स्थानबद्धाला तीही नसते.

अणूवरचे पुस्तक

त्याच काळात मुंबईच्या तुरुंगात याच पक्षाचे प्रभाकर संझगिरी स्थानबद्ध होते. त्यांनी कोठडीत बसून मराठीत एक पुस्तक लिहिले. विषय राजकारणाचा नव्हता, पदार्थविज्ञानाचा होता. पुस्तकाचे नाव 'अणूच्या अंतरंगात'. छापण्यासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवायला परवानगी द्यावी, असा अर्ज त्यांनी केला. सरकारने नकार दिला.

संझगिरी उच्च न्यायालयात गेले. पुस्तक निव्वळ शास्त्रीय आहे, त्यात देशाच्या संरक्षणाला बाधा येईल असे काही नाही, असे सांगून न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एवढ्यावर सरकार थांबले नाही. अणूची माहिती मराठी वाचकांपर्यंत पोचू नये यासाठी महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले! कायद्याने जेवढी बंधने घातली आहेत, तेवढीच स्थानबद्धावर लादता येतात. बाकीचे त्याचे स्वातंत्र्य तुरुंगातही त्याच्याकडेच राहते, असा न्यायालयाच्या निकालाचा मथितार्थ होता. निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्य पाकिस्तानविरुद्ध लाहोरच्या आघाडीवर उतरले होते. सीमेवर तोफा धडाडत असताना एका विरोधकाच्या हस्तलिखिताला न्यायालय न्याय देऊ शकले, आणि त्यामुळे देशाचे काही बिघडले नाही. शामराव मात्र महिनाभरापूर्वीच गेले होते.

आपला आणि परका

इथे एक प्रश्न विचारला जाईल, आणि तो रास्तही आहे. ज्या सोव्हिएत रशियाकडे, ज्या चीनकडे त्या काळचे कम्युनिस्ट आदर्श म्हणून पाहत होते, तिथे विरोधकांचे काय होत होते? तिथले तुरुंग आणि छावण्या विरोधी मताच्या माणसांनी भरलेल्या होत्या. त्याबद्दल इथल्या पक्षांनी फारसा आवाज उठवला नाही. इतकेच कशाला, १९७५ मध्ये इंदिरा गांधींनी आणीबाणी आणली तेव्हा दोन कम्युनिस्ट पक्षांपैकी एकाने, भारतीय कम्युनिस्ट पक्षाने, तिला पाठिंबा दिला. दुसऱ्या पक्षाच्या अहिल्या रांगणेकर त्या वेळी तुरुंगात होत्या. महागाईविरुद्ध मृणाल गोरे यांच्यासह लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या याच अहिल्याताई १९७७ मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या.

पण या प्रश्नाचा अर्थ शामरावांचे झाले ते बरोबर झाले, असा होत नाही. उलट तो आपल्याला मुद्द्याच्या जवळ नेतो. आपल्या आवडत्या माणसाला विनाचौकशी डांबले की आपल्याला ती हुकूमशाही वाटते. नावडत्याला डांबले की ती देशाची गरज वाटते. १९६५ मध्ये ज्यांना कम्युनिस्टांच्या अटकेचे काही वाटले नाही, अशा पक्षांचे कितीतरी कार्यकर्ते दहा वर्षांनी तशाच कोठड्यांत जाऊन बसले. त्यांनाही कारणे सांगितली गेली नाहीत. एकदा कुलूप तयार झाले की ते कोणाच्या दाराला लावायचे, हे किल्ली ज्याच्या हाती तो ठरवतो.

देश यातून काही शिकला, हेही नोंदवले पाहिजे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे म्हटले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही न्यायालयात मागता येईल, अशी तजवीज केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९७६ चा तो निकाल चुकीचा होता, असे स्पष्ट सांगितले. विनाचौकशी स्थानबद्धतेचे कायदे मात्र आजही आहेत.

बाईंनी काय लिहिले

नवरा तुरुंगात गेला. तोच तुरुंग, तेच हुकूम बाईंनी स्वतःही भोगले, ब्रिटिशांच्या राज्यात आणि स्वराज्यातही. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच 'बंदिवासाची आठ वर्षे' आहे. एवढे सोसलेली बाई कडवट झाली असती तर कुणी दोष दिला नसता. शामरावांनंतर पाच वर्षांनी, १९७० मध्ये, गोदूताईंचे जे पुस्तक आले त्याचे नाव होते 'जेव्हा माणूस जागा होतो'. ते वारल्यांचे पुस्तक आहे. पहिल्यांदा खोपटात गेल्यावर तोंड न उघडणारी माणसे, पुढे सभेत उभी राहून बोलू लागलेली माणसे, वेठ नाकारणारी माणसे त्यात आहेत. स्वतःच्या दुःखाचे प्रदर्शन त्यात नाही. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तोवर मराठी मध्यमवर्गीय घरांतल्या कपाटात वारली हा शब्द फारसा पोचला नव्हता.

त्या पुढेही पाड्यांवर हिंडत राहिल्या. १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि ८ ऑक्टोबर १९९६ रोजी वयाच्या नव्वदीत वारल्या. मंत्रिपद, बंगला, गाडी यांतले काही वाट्याला आले नाही. त्यांनी ज्या तलासरी-डहाणू भागात काम केले, तिथून आजही त्यांच्या पक्षाचा आमदार निवडून येतो. १० जुलै २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेत विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर झाले, तेव्हा त्याला उघड विरोध करणारे एकमेव आमदार डहाणूचे विनोद निकोले होते. ते विधेयक योग्य की अयोग्य, याचा निर्णय वाचकांनी करावा. त्या एका विरोधामागे मात्र ऐंशी वर्षांची आठवण आहे.

आता पुन्हा आपल्या प्रश्नाकडे. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी ठाणे जिल्ह्यातल्या बाईचे नाव आपल्या घरांना का द्यावे? वारली बाई आणि विडी वळणारी बाई यांच्यात भाषा, जात, मुलूख काहीच समान नाही. एक साम्य आहे. दोघींच्याही कष्टाचा हिशेब दुसराच कुणीतरी ठेवत आला. गवताचा भारा कमी भरला म्हणून वारल्याची मजुरी कापली जाई, विडी छाट निघाली म्हणून इथली कापली जाते. हिशेब दाखवा, असे म्हणायला शिकवणारी बाई कुठल्या जिल्ह्यातली होती, हे मग फारसे महत्त्वाचे उरत नाही.

आणि शामरावांचे प्रकरण तरी दुसरे काय आहे? 'मला कशासाठी ठेवले आहे, ते दाखवा,' हाही हिशेबच होता. तो त्यांना कुणी दिला नाही. कुंभारीच्या वसाहतीत संध्याकाळी विड्यांचे कट्टे बांधून झाले की बायका सूप झटकून उठतात, कुलूप काढून घरात शिरतात. ते कुलूप त्यांच्या मालकीचे आहे आणि किल्ली त्यांच्या कमरेला आहे.